वरच्या नळीवरचा दोर

रविवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याला आमचा सायकलवाल्यांचा घोळका जमला की अर्ध्या तासात एक भांडण ठरलेलं असतं. कार्बन टिकतो की ॲल्युमिनियम? एकजण म्हणतो, कार्बनला दगड लागला की कारभार आटोपला. दुसरा म्हणतो, ॲल्युमिनियम वापरून वापरून थकतं, कार्बन थकत नाही. मग मोबाइलवर व्हिडिओ निघतात, कुणीतरी हातोड्यानं नळी फोडून दाखवत असतो, आणि चहा गार होतो. मी गप्प बसते आणि माझ्या सायकलीच्या वरच्या नळीवरून अंगठा फिरवत राहते. तिथं एक खळगा आहे, अंगठ्याच्या पेराएवढा. कुणी फारच मागं लागलं तर मी म्हणते, "दोन्ही टिकतात. बांधणारा कोण आहे त्याच्यावर आहे." त्यांना वाटतं मी थट्टा करते.

थट्टा नसते ती. तो खळगा माझ्या वडिलांनी पाडलाय, आणि तो पडत असताना मी बघत होते.

माझे वडील म्हणजे अप्पा. नेकनूरच्या पुढं आमचं गाव, आणि अप्पांचा तिथं टेम्पो आहे. कडबा, कांदे, मंडपाचं सामान, पडेल ते भाडं ते नेतात. पण चार गावांत त्यांची ओळख टेम्पोची नाही, आवळणीची आहे. दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा सगळं बिऱ्हाड ट्रकात चढतं. पत्र्याची पेटी, चूल, ज्वारीची पोती, कोंबड्यांची डालगी, सगळं एकावर एक. ते बांधायला अप्पांना बोलावणं येतं. अप्पा दोर टाकतात, गाठ मारतात आणि दोराच्या दोन पदरांत बाभळीचं एक दांडकं घालून पीळ देत जातात. दोर ताठ झाला की बोटानं छेडून बघतात. मनासारखा आवाज आला तर ठीक, नाहीतर अजून एक पीळ. मग दांडकं अडकवायचं आणि हात झटकायचे. "कारखान्यापस्तोर ताटली सुदिक हलनार न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा एक बाई तोडीवरून परत आल्यावर सांगत होती की अप्पांनी बांधलेल्या दुरडीतली अंडी कोल्हापूरपर्यंत शाबूत गेली. ती अंडी अप्पांनी पुढं कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवली.

असा हा लोखंडावर वाढलेला माणूस, आणि त्याच्या पोटी मी, डोंगरात सायकल मारत सुटणारी. राग मात्र मला आईकडून आला असावा, कारण अप्पांना तो येत नाही.

माझी सायकल ॲल्युमिनियमची. बीडला कॉलेजात असताना घेतलेली, तीही कुणाची तरी वापरलेली. वर्षभरात मी एका उतारावर गारगोट्यांत आपटले आणि हँडल वाकलं. अप्पांनी ते काढलं, टेम्पोच्या मागच्या हुकात अडकवलं, दुसऱ्या बाजूनं पाइप घातला आणि जोर लावून सरळ केलं. लोखंडी सायकलींची हँडलं त्यांनी जन्मभर अशीच सरळ केली होती. हँडल पुन्हा नव्यासारखं झालं. मी खूश झाले. दीड-दोन महिन्यांनी मांजरसुंब्याचा घाट उतरताना कट् असा आवाज झाला आणि उजवी मूठ सुटी होऊन माझ्या हातात आली. मी रस्त्याकडेच्या नालीत गेले म्हणून वाचले. कोपराला टाके पडले तेवढ्यावर भागलं.

बीडला आम्हाला सायकलिंग शिकवणारे सर होते. त्यांनी तो तुटका तुकडा हातात घेऊन अप्पांना समजावलं, "हे लोखंड नव्हे. एकदा वाकलं की फेकायचं. परत सरळ केलं की तिथंच आतून तुटायला लागतं. नळीला नुसता खळगा पडला तर एक वेळ चालतं, पण तो ठोकून वर काढायचा नाही." अप्पा डोक्यावरची टोपी हातात घेऊन ऐकत होते. घरी येताना एवढंच म्हणाले, "आता तुज्या सायकलीला हातोडा लावनार न्हाई, माय." आणि तो शब्द त्यांनी पाळला.

बावीस वर्षांची असताना माझ्या वयोगटातलं शेवटचं वर्ष आलं. पाटोद्याच्या पुढं डोंगरात निवडीची शर्यत होती आणि मुलींतल्या पहिल्या दोघी राज्याच्या शर्यतीला जाणार होत्या. पुढच्या वर्षी मला मोठ्यांच्या गटात उतरावं लागलं असतं, आणि तिथल्या पुण्या-नाशिकच्या बायकांपुढं माझा पाड लागणार नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणजे त्या दिवशी नंबर लागला तर लागला. नाहीतर मी गावात सायकल खेळणारी एक मुलगी, एवढंच राहणार होते.

सरांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी स्वतःची कार्बनची सायकल पंधरा दिवसांसाठी मला दिली. एका हातानं उचलली जायची इतकी हलकी. देताना सरांनी मला समोर उभं करून दोन गोष्टी सांगितल्या. एक, प्रत्येक नट त्यांच्या खास पान्यानंच आवळायचा. त्या पान्यावर आकडा लावला की पुरेसं आवळल्यावर तो टिक् असा वाजतो. टिक् झालं की थांबायचं. दुसरं, फ्रेमची वरची नळी बाहेरून कशानं दाबली जाऊ द्यायची नाही. "चालवताना कितीही आदळू दे, त्याला ही पुरून उरते," सर म्हणाले, "पण चिमट्यात धरून दाबलं की घात. आणि घात झालेला वरून दिसतही नाही. रंग तसाच राहतो अन् आत तडा असतो. शंका आली तर नाण्यानं वाजवून बघ." हे सगळं मी बीडला ऐकलं. अप्पा तिथं नव्हते.

घरी येऊन अप्पांना यातलं काय सांगितलं? "तुमी हिला हात लावू नका," बस्स. का ते सांगितलं नाही. तेवढा धीर मला कधी होता?

अप्पांनी ती सायकल उचलली, खाली ठेवली, परत उचलली. "आतून पोकळ हाय का ही?" त्यांनी विचारलं. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला मी अंगणात सायकल पुसत होते. पाणी प्यायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर अप्पा तो टिक् वाजणारा पाना घेऊन सीटचा नट आवळत होते. टिक् झालं. अप्पांनी हसून माझ्याकडं बघितलं आणि सवयीनं वरून अर्धा आटा अजून दिला.

माझं डोकं सटकलं. "कळत न्हाई त्याला हात कशाला लावता?" मी ओरडले. "एकदा माझा हात मोडायची वेळ आणली, तेवढ्यानं समाधान झालं न्हाई का?"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. अप्पांनी पाना हळूच ओट्यावर ठेवला आणि शेळ्यांना पाणी दाखवायला निघून गेले. मी तणतणत तो नट पूर्ण सैल केला आणि परत आवळला. रागाच्या भरात साध्या पान्यानंच आवळला, किती आवळला तेही बघितलं नाही. मला वाईट वाटत होतं, पण माफी मागायची आमच्या घरात रीत नाही. मी मनाशी एवढंच ठरवलं की उद्या अप्पांना एका शब्दानंही बोलायचं नाही. काही झालं तरी.

सकाळी बघते तर टेम्पोत दोन सायकली. कार्बनच्या शेजारी माझी जुनी ॲल्युमिनियमचीही उभी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"स्टेपनी," अप्पा म्हणाले. "स्टेपनीबिगर गाडी भाईर काढायची न्हाई."

त्यांनी दोन्ही सायकली केबिनच्या मागच्या लोखंडी दांडीला टेकवल्या होत्या. कार्बनच्या सायकलीमागं आईची गोधडी चौघडी करून घातली होती, जुनी नुसतीच होती. दोघींच्या वरच्या नळ्यांवरून एकच दोर घेऊन दांडीला बांधला होता. दोर ढिलाच होता. मी तो बघितला आणि निर्धास्त होऊन केबिनमध्ये बसले.

मांजरसुंब्यापर्यंत मागून खडखड ऐकू येत होती. चौक ओलांडून पाटोद्याच्या रस्त्याला लागल्यावर अप्पांनी गाडी कडेला घेतली आणि उतरले. मी माझ्या बाजूच्या आरशात बघत होते. अप्पा मागं आले, वर चढले, सीटखालचं बाभळीचं दांडकं त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते दोराच्या पदरांत घातलं.

सरांचं वाक्य जसंच्या तसं कानात वाजलं. दार उघडून उतरायचं आणि म्हणायचं, अप्पा, पीळ देऊ नका. एवढंच करायचं होतं. पण काल जे बोलले होते ते माझ्या आणि त्यांच्या मध्ये बसलं होतं. आता पुन्हा बोलले तर अख्खा दिवस नासेल, असं वाटलं. शिवाय गोधडी आहे, काही होत नाही, अशी मीच माझी समजूत घातली. अप्पांनी एक पीळ दिला, दुसरा दिला. दोर छेडून बघितला. झालं, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांनी दांडकं पुन्हा धरलं आणि अजून दोन पीळ दिले, दात आवळून. मी आरशावरची नजर काढली नाही आणि तोंडही उघडलं नाही.

"आता खड्ड्यात बी हलनार न्हाई," स्टेअरिंगवर बसत अप्पा म्हणाले.

डोंगराच्या पायथ्याला पोचलो तेव्हा शर्यतीला सव्वा तास होता. मंडप, भोंगा, पाण्याचे जार आणि सगळीकडं चकचकीत सायकली. सर वर माथ्यावर पंच म्हणून होते आणि तिथं फोनला रेंज नव्हती. अप्पांनी दोर सोडला. कार्बनची सायकल मी स्वतः उतरवली आणि नळी फिरवून फिरवून बघितली. साधा ओरखडा नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"हे बघ," अप्पा वरून म्हणाले. ते जुन्या सायकलीजवळ उकिडवे बसले होते. तिच्या वरच्या नळीला, लोखंडी दांडीला टेकली होती तिथं, खळगा पडला होता.

"पडू द्या. आज तिचं काय काम हाय?"

अप्पांनी खळग्यावर अंगठा ठेवला, मग दोराकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या सायकलीकडं. "एकच दोर, एकच पीळ," ते सावकाश म्हणाले. "हिला एवढं झालं. मंग तिला कावून काय झालं न्हाई?"

"तिला गोधडी हुती," मी म्हणाले आणि पॅडल मारत निघाले. त्यांच्यापुढं थांबायचंच नव्हतं मला.

चढाचा एक तुकडा होता, अंग मोकळं करायला. मी सीटवरून उठून जोर लावला तेव्हा काही झालं नाही. बसले आणि जोर लावला, तसं कट्. थोडं पुढं जाऊन पुन्हा कट्. मांजरसुंब्याच्या घाटात ऐकला होता तसाच आवाज. वळून परत आले, सायकल टेम्पोला टेकवली, पाकिटातून नाणं काढलं आणि वरची नळी पुढून मागं वाजवत गेले. टक, टक, टक. आणि दोर होता त्या जागेच्या आसपास आवाज बसला. पुढं गेले, पुन्हा टक. मागं आले, पुन्हा बसका.

अप्पा कधी शेजारी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. ते खाली बसले आणि बोटाचं पेर वाकवून त्यांनी नळी वाजवली. नेकनूरच्या बाजारात आई मडकी अशीच घेते. दहा मडकी वाजवते आणि बद्द बोललेलं बाजूला सारते. अप्पा ती मडकी वर्षानुवर्षं डोक्यावरून घरी आणत आलेत. त्यांनी एकदाच वाजवलं आणि हात काढून घेतला.

"बद्द बोलतंय," ते म्हणाले.

"रंगाचा फरक असंल."

"माय, मडक्याला बी रंगच असतो."

"अप्पा, एक-दीड तासाचा प्रश्न हाय. तेवढं निभावतं."

"आन न्हाई निभावलं तर? उतारावर?"

भोंग्यावरून मुलींच्या गटाला तयारीत राहायला सांगत होते. अर्धा तास उरला होता. त्या चकचकीत सायकलींच्या पुढं जुनी जड सायकल घेऊन उभं राहायचं म्हणजे शर्यत सुरू व्हायच्या आधीच हरायचं. मला रडू फुटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि तो काढायला समोर एकच माणूस होता.

"तुमच्यामुळं झालं हे," मी म्हणाले. "सगळं तुमच्यामुळं."

अप्पांनी मान हलवली. "व्हय. मीच आवळलं. किती आवळलं ते माज्या हाताला ठाव हाय." मग त्यांनी जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते सायकलीपुढं मातीत बसले आणि लोकर कातरताना मेंढरू धरतात तसं तिचं पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरलं. "तुला मला काय बोलायचं ते बोल. शिव्या दे. पर हिच्यावर बसू देनार न्हाई."

शेजारच्या मुली वळून बघायला लागल्या. एकीच्या वडिलांनी विचारलं, काय झालं हो? मी लाजेनं लाल झाले. ओढून घेतली असती तर सायकल मिळाली असती, अप्पांचं वय झालं होतं. मी हँडल धरलंही होतं. पण त्या क्षणी मला डोळ्यापुढं उतार दिसला नाही, आरसा दिसला. मी पडले असते तर या माणसानं उरलेलं आयुष्य, माझ्या पोरीला मी मारलं, असं म्हणत काढलं असतं. आणि मी बघत होते हे त्याला कधी कळलंही नसतं. मी हँडल सोडलं.

"जुनी उतरवा," मी म्हणाले.

मग अप्पांचे हात चालले. माझे बूट अडकतात ते पॅडल या सायकलीचे काढून त्या सायकलीला लावायचे होते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे त्यांना सांगावं लागलं नाही. पाना, तेल, हवा, ब्रेक, छातीवरच्या नंबराची दुसरी चिठ्ठी हँडलवर, सगळं वीस मिनिटांच्या आत झालं. शेवटी त्यांनी खळगा दोनदा अंगठ्यानं दाबून बघितला. "हिचं दुखनं वर दिसतंय," ते म्हणाले. "ही दगा देनार न्हाई. जा."

तीन फेऱ्या होत्या. पहिल्या चढालाच फरक कळला. कार्बनवर पंधरा दिवस काढल्यावर ही सायकल मागून कुणीतरी धरून ओढल्यासारखी वाटत होती. मान खाली घातली की दोन गुडघ्यांच्या मध्ये तो खळगा दिसायचा, आणि प्रत्येक वेळी दिसला की मी चिडून जोर लावायचे. उतारावर मात्र मी ब्रेकला हात लावला नाही. मुरूम, सुटे दगड, वाटेत आलेली बाभळीची फांदी, कशालाच लावला नाही. पहिल्या फेरीला पाचवी, दुसरीला तिसरी, आणि शेवटच्या चढाच्या तोंडाशी मी दुसरी होते. दुसरी! वर उभे असलेले सर ओरडत होते. कार्बनची सायकल कुठंय असं त्यांनी विचारल्यासारखं वाटलं, पण मला बोलायला श्वास नव्हता.

चढाच्या मध्यावर एक मुलगी मागून आली. तिची सायकल हलकी होती, ती माझ्या बाजूनं वर निघून गेली आणि मला तिच्यामागं जाता आलं नाही. पाय फिरत होते, पण सायकल येत नव्हती. उतारावर मी तिला गाठायला जिवाचं रान केलं. शेवटच्या वळणावर आम्ही बरोबरीनं आलो, आणि रेषेवर ती माझ्या एक हात पुढं होती. एक हात.

मी तिसरी आले. दोघीच जाणार होत्या.

परत येताना मी केबिनमध्ये बसले नाही. मागं हौद्यात बसून सरांची सायकल दोन्ही हातांनी धरून आणली. अप्पांनी दांडकं हातात घेतलं नाही की दोर उलगडला नाही. जुनी सायकल माझ्या पायाशी आडवी पडून होती. पाटोद्यापासून घरापर्यंत अप्पांनी गाडी इतकी हळू चालवली की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून बेजार झाले.

मी सरांना सगळं सांगितलं. म्हणजे दोराचं सांगितलं, आरशाचं नाही. सर रागावले नाहीत. पुण्यात अशा नळ्या तपासणारा एकजण आहे, त्याच्याकडं त्यांनी फ्रेम पाठवून दिली आणि आम्ही वाट बघत राहिलो. दरम्यान दिवाळी आली. टोळ्या निघायला लागल्या, आणि अप्पांना बोलावणी आली. अप्पा गेले नाहीत. दुसऱ्याला बघा म्हणाले. टेम्पोतलं बाभळीचं दांडकं त्यांनी आईला चुलीत घालायला दिलं. त्यांचा एक जुना दोस्त, तोही ड्रायव्हरच, दारात येऊन म्हणाला, "काय बे, हात गळाले का तुजे?" अप्पा नुसतं हसले. घरात मात्र हसत नव्हते. माझ्या सायकलीजवळून जाताना खळग्याकडं बघायचे आणि नजर वळवायचे. मला दिसायचं. मी बोलत नव्हते, कारण माझा राग अजून उतरला नव्हता, आणि तो कुणावर आहे हे मला नीट कळत नव्हतं.

दिवाळीनंतर सरांचा फोन आला. फ्रेम चांगली होती. तडा नाही, काही नाही, अगदी ठणठणीत. नळीच्या आतून गिअरची वायर जाते, ती वाजू नये म्हणून तिच्यावर फोमची एक नळी चढवलेली असते. ती जिथं आतून टेकली होती तिथं आवाज बसका येत होता. "मग कट् कट् काय होतं?" मी विचारलं. सर म्हणाले, "सीटचा नट सैल होता गं. अर्धा-पाऊण आटा. म्हणून बसल्यावरच वाजायचं. त्या पान्यानं आवळला नव्हतास का?"

मी फोन ओट्यावर ठेवला. याच ओट्यावर अप्पांनी पाना ठेवला होता.

अप्पा टेम्पोचा मागचा फाळका पाडून त्यावर बसले होते, बिजागऱ्यांना ग्रीस लावत. मी समोर जाऊन उभी राहिले. "अप्पा, सरांचा फोन आलता. सायकल चांगली हाय. तिला कायबी झालं न्हवतं."

त्यांचा हात थांबला. "खरं सांगायलीस?"

"खरं."

"म्हंजी माज्या हातानं तुटली न्हाई."

"न्हाई."

त्यांनी खांद्यावरचा गमछा घेऊन तोंड पुसलं, मग डोळे पुसले, ग्रीसच्याच हातानं. गालाला काळे पट्टे लागले. महिनाभर हा माणूस काय घेऊन हिंडत होता ते मला तेव्हा समजलं. मी नंबर गेल्याचं दुःख करत होते, आणि ते माझा जीव जाता जाता राहिला या धास्तीत होते. मला माझीच लाज वाटली. मग हळूहळू त्यांचा चेहरा पुन्हा उतरला.

"मंग तुजा नंबर..." ते म्हणाले. "सायकल धड हुती. म्या उगंच धरून बसलो. मीच घालवला की गं तुजा नंबर."

"न्हाई अप्पा," मी म्हणाले, आणि एकदा सुरुवात झाली तसं सगळंच बोलून टाकलं. नटाचं सांगितलं, तुमचा अर्धा आटा मीच रागानं सोडला म्हणून. सरांनी नळीबद्दल काय बजावलं होतं ते सांगितलं. मग जे सांगायला जीभ रेटत नव्हती तेही. "मांजरसुंब्याला तुमी पीळ देत हुता तवा मी आरशात बघत हुते. सगळे पीळ बघितले. मला ठाव हुतं, आवळायचं न्हाई. तरी बोलले न्हाई. तवाच बोलले असते तर शंका घ्यायचं कामच पडलं नसतं."

मला वाटलं, आता तरी चिडतील. मला ते हवंही होतं.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "आरशात तुजे डोळे दिसले हुते. म्हनून तर वरून दोन पीळ दिले, माय. म्हनलं, काल लई नाराज झाली पोर, आता बघायलीय तर बघू दे तिला, बाप किती जपून नेतोय."